चांदीच्या गावात दोन दिवस

(ग्वानाहुआतो हे मेक्सिको देशातील डोंगराच्या कुशीत वसलेले एक जुने गाव आहे. स्पॅनिश राजवटीत येथील खाणींतून अमाप चांदी निघाली. त्या चांदीमुळे गावात मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. शनिवार-रविवारच्या सुट्टीत लेखकाने या गावाला दिलेल्या भेटीचे वर्णन या पाठात केले आहे. गावाच्या सौंदर्याबरोबरच ते घडवणाऱ्या कष्टकऱ्यांचीही ओळख हा पाठ करून देतो.)

मेक्सिको हा देश आपल्यापासून फार दूर आहे. नकाशात पाहिले, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेला, दोन महासागरांच्या मध्ये तो दिसतो. इ. स. १५२१ पासून १८२१ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे, या देशावर स्पेनचे राज्य होते. त्या काळात वसलेली अनेक सुंदर गावे तेथे आजही पाहायला मिळतात. ग्वानाहुआतो हे त्यांपैकीच एक.

माझा एक शाळासोबती त्या भागातील लेओन या शहरात इंजिनिअर आहे. लेओन हे शहर चामड्याच्या बुटांसाठी प्रसिद्ध आहे. मी त्याच्याकडे काही दिवस राहायला गेलो होतो. शुक्रवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्यापासून दोन दिवस सुट्टी. चल, तुला ग्वानाहुआतो दाखवतो."

मी लगेच वही काढली. म्हटले, "काय काय पाहायचे ते सांग. यादी करून ठेवतो."

त्याची तेरा वर्षांची मुलगी हसू लागली. ती म्हणाली, "काका, तिथे यादी चालत नाही. तिथे आपणच चालायचे असते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे बसने निघालो. तासाभराचा प्रवास. दोन्ही बाजूंना कोरडे, तपकिरी डोंगर होते. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे. त्यामुळे उन्हातही हवा सुखद वाटत होती. 'ग्वानाहुआतो' हे नाव स्पॅनिश नाही. पुरेपेचा लोकांच्या भाषेतून ते आले आहे. त्याचा अर्थ 'बेडकांची टेकडी' असा सांगतात. म्हणूनच गावात एके ठिकाणी दगडी बेडकांचे पुतळे बसवले आहेत. मुलीने प्रत्येक बेडकाला हात लावून सलाम केला.

गावात शिरताना आमची मोटार एकाएकी अंधाऱ्या बोगद्यात शिरली. मला वाटले, बोगदा संपला की गाव येईल. पण आत चौक होते, वळणे होती, बसचे थांबेही होते! वर दगडी कमानी आणि त्यांच्याही वर लोकांची घरे. मी चकित होऊन पाहतच राहिलो.

मित्र म्हणाला, "ही पूर्वी नदी होती."

ग्वानाहुआतो एका अरुंद दरीत वसले आहे. दरीतून नदी वाहत होती आणि नदीच्या काठाने, पुढे तर तिच्यावर कमानी बांधूनही लोकांनी घरे बांधली. पावसाळ्यात नदीला पूर आला की गावाची दाणादाण उडे. असे पूर अनेकदा आले. १९०५ सालच्या पुरात तर फार मोठी हानी झाली. मग नदीचे पाणी अधिक खोल बोगद्यातून वळवण्यात आले. जुने पात्र कोरडे पडले. १९६० नंतरच्या दशकात त्या पात्रातून रस्ता काढला गेला. जमिनीखाली बोगदे खणणे या गावाला नवीन नव्हते. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या खाणीत काम करत आले होते.

वर आलो तर वेगळेच जग दिसले. डोंगराच्या उतारावर एकावर एक रचल्यासारखी घरे. कोणी पिवळे, कोणी निळे, कोणी गुलाबी, कोणी विटकरी. घरांमधून दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या वर चढत जातात. बऱ्याच गल्ल्यांत मोटार जाऊच शकत नाही. एक गल्ली तर एके ठिकाणी अवघी ६८ सेंटीमीटर रुंद आहे. समोरासमोरच्या दोन सज्जांत उभी असलेली माणसे हात लांब केला तर एकमेकांना साखरेची वाटी देऊ शकतील! यादी का चालत नाही, ते मला आता कळले. गल्ली जिकडे नेईल तिकडे जायचे. दमलो की पायरीवर बसायचे. वाट चुकली तरी बिघडत नाही. उतारावरून खाली आलो की कोणत्या ना कोणत्या चौकात आपण पोहोचतोच.

असेच आम्ही एका त्रिकोणी बागेत येऊन पोहोचलो. तिचे नाव 'एकता उद्यान'. बागेच्या कडेने दाट झाडे लावलेली आहेत. त्यांचे शेंडे कापून सपाट केल्यामुळे हिरवे छतच तयार झाले आहे. या झाडांना तेथे 'हिंदुस्थानी लॉरेल' म्हणतात. ही झाडे आपल्या वड-पिंपळाच्या कुळातली आहेत. इतक्या दूर आल्यावर ओळखीचे कोणी भेटावे तसे मला झाले. झाडांखालच्या बाकांवर म्हातारी माणसे गप्पा मारत होती. बूट पॉलिश करणारे गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. समोरच १९०३ साली सुरू झालेले हुआरेस नाट्यगृह आपले उंच खांब मिरवत उभे होते. त्याच्या पायऱ्यांवर महाविद्यालयातील मुले-मुली घोळक्याने बसली होती. कोणालाही घाई नव्हती. आम्हीही तासभर तेथेच बसलो.

दुपारी भूक लागली तेव्हा मित्राने आम्हांला मंडईत नेले. लोखंडी सांगाड्याची ही भव्य मंडई १९१० साली बांधून झाली. आत मिरच्यांचे ढीग होते. लाल, काळ्या, हिरव्या. लांब, गोल, सुरकुतलेल्या. शेजारी मका, टोमॅटो, पेरू, चिकू.

मी म्हणालो, "अरे, ही तर आपलीच मंडई!"

"उलटे आहे," मित्र म्हणाला. "या वस्तू मूळच्या या खंडातल्या. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून त्या जगभर गेल्या, तशा आपल्याकडेही आल्या. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरे. मिऱ्यावरूनच आपण हिला मिरची म्हणू लागलो. आणि 'चिकू' हे नाव तर इथल्याच मूळ भाषेतले आहे."

त्याची मुलगी फळवाल्या बाईंशी स्पॅनिशमध्ये बोलत होती. मी कान देऊन ऐकत होतो. संत्र्याला त्या 'नारांहा' म्हणाल्या. साखरेला 'आसुकार'. तांदळाला 'आर्रोस'. निघताना मुलगी म्हणाली, "उद्या पुन्हा येऊ." त्यावर बाई हसून म्हणाल्या, "ओहाला!"

"ओहाला म्हणजे?" मी विचारले.

मित्र म्हणाला, "देवाची इच्छा असेल तर. मूळ अरबी शब्द आहे. त्यातला शेवटचा 'ला' म्हणजे अल्ला."

मग त्याने समजावून सांगितले. इ. स. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या लहानमोठ्या भागांवर अरबी भाषा बोलणाऱ्या मुसलमान राजांची सत्ता होती. त्या काळात शेकडो अरबी शब्द स्पॅनिश भाषेत रुळले. 'नारंज', 'सुक्कर', 'उर्ज' हे शब्द अरबस्तानातून स्पेनला गेले आणि स्पेनमधून समुद्र ओलांडून मेक्सिकोला पोहोचले. त्यांतील नारंगी आणि शक्कर हे शब्द आपण इकडे आपल्या घरात रोज वापरतो. शब्दांना ना पासपोर्ट लागतो, ना तिकीट!

मंडईतच आम्ही जेवायला बसलो. समोर एक बाई मक्याच्या पातळ भाकऱ्या तव्यावर भाजत होती. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून त्याचे पीठ करतात. भाकरी मिरचीच्या लाल रश्शात बुडवायची, तव्यावर परतायची, आत चीज आणि कांदा घालून घडी करायची. वर बटाट्याच्या आणि गाजराच्या फोडी. या पदार्थाचे नाव 'खाणकामगारांच्या एंचिलादा'. खाणीत राबणाऱ्या माणसांचे पोट भरणारे हे जेवण. आज पाहुणे ते आवडीने मागवून खातात.

जेवणानंतर आम्ही एका प्रचंड दगडी इमारतीपाशी आलो. उंच, जाड भिंती. छोट्या छोट्या खिडक्या. किल्लाच जणू. हिचे नाव 'आलोंदिगा'. हा शब्दही अरबी 'अल्-फुंदुक' या शब्दापासून आला आहे. अरबीत फुंदुक म्हणजे सराई. स्पॅनिशमध्ये आलोंदिगा म्हणजे धान्याचे कोठार. १७८५-८६ साली मेक्सिकोत भयंकर दुष्काळ पडला होता. पुन्हा तशी वेळ आली तर लोकांना धान्य मिळावे, म्हणून हे कोठार बांधले गेले. १८०९ साली ते पूर्ण झाले. पण पुढच्याच वर्षी तेथे धान्याऐवजी माणसे कोंडली गेली.

१६ सप्टेंबर १८१० रोजी जवळच्या दोलोरेस गावातील मिगेल इदाल्गो नावाच्या धर्मगुरूने स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठावाची हाक दिली. हजारो शेतकरी आणि मजूर त्याच्यामागे निघाले. त्यांच्या हातांत काठ्या, कोयते आणि गोफणी होत्या. २८ सप्टेंबरला हा लोंढा ग्वानाहुआतोला पोहोचला. गावातील स्पॅनिश अधिकारी, श्रीमंत कुटुंबे आणि सैनिक आपली चांदी घेऊन या कोठारात शिरले आणि त्यांनी दारे बंद केली. आतून गोळ्यांचा वर्षाव होऊ लागला. दारापर्यंत पोहोचणे अशक्य झाले.

तेव्हा एक खाणकामगार पुढे आला, असे सांगतात. त्याला सारे 'पीपिला' म्हणत. त्याने दगडाची एक मोठी फरशी आपल्या पाठीवर बांधली. हातात मशाल घेतली. पाठीवर गोळ्या झेलत, रांगत रांगत तो दारापर्यंत गेला आणि त्याने लाकडी दार पेटवून दिले. दार जळून कोसळले. लोक आत घुसले. मग मात्र कोणाचेच भान राहिले नाही. आतील शेकडो माणसे मारली गेली. दयामाया उरली नाही.

पुढच्या वर्षी इदाल्गो पकडला गेला. त्याला आणि त्याच्या तीन साथीदारांना मृत्युदंड देण्यात आला. त्या चौघांची शिरे याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी पिंजऱ्यांत टांगून ठेवली गेली. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला, तोपर्यंत ती तेथेच होती. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे आणि १६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा राष्ट्रीय दिन आहे.

मुलगी बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिने विचारले, "अब्बा, लोकांना इतका राग का आला होता?"

"उद्या सांगतो," मित्र म्हणाला. "उद्या आपण खाण पाहू."

संध्याकाळी दिवे लागले. काळे झगे घातलेले तरुण हातांत गिटार आणि मँडोलिन घेऊन बागेजवळ जमले. ते गाणी म्हणत गल्लीगल्लीतून चालू लागले आणि सारे पाहुणे त्यांच्यामागे निघाले. ही या गावाची आवडती रीत आहे. टाळ्या वाजवत, पायऱ्या चढत-उतरत आम्हीही त्या घोळक्यातून खूप हिंडलो.

रविवारी सकाळी आम्ही गावाच्या वर असलेल्या वालेन्सियाना येथे गेलो. तेथे गुलाबी दगडाचे एक चर्च आहे. ते १७८८ साली पूर्ण झाले. बाहेरच्या दगडावर नाजूक नक्षी आणि आत छतापर्यंत पोहोचणाऱ्या सोन्याचा मुलामा दिलेल्या वेदी. डोळे दिपून जातात. चर्चच्या जवळच ज्या खाणीने एवढी संपत्ती दिली ती वालेन्सियाना खाण आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी ही जगातील सर्वांत श्रीमंत चांदीच्या खाणींपैकी एक होती.

खाणीच्या तोंडाशी उभे राहून मी खाली डोकावलो. तळ दिसत नव्हता. ही विहीर पाचशे मीटरहून अधिक खोल आहे. १८०३ साली हुम्बोल्ट नावाचा प्रसिद्ध जर्मन शास्त्रज्ञ या गावी आला होता. तो स्वतः या खाणीत उतरला. चांदीचे दगड पाठीवर घेऊन पायऱ्या चढणारे हमाल त्याने पाहिले. त्यांना 'तेनातेरो' म्हणत. एकेका खेपेला ते सुमारे शंभर किलो, कधी त्याहूनही जास्त वजन वाहत. खाली उष्णता, वर थंड हवा. पायाखाली हजारो पायऱ्या. एक पाय घसरला तर सारे संपले.

दगड वर आला तरी काम संपत नसे. तो दळून त्याची भुकटी करत. ती मोठ्या अंगणात पसरून तिच्यात पाणी, मीठ आणि पारा मिसळत आणि त्या चिखलावरून खेचरांना गोल गोल चालवत. पारा चांदीला चिकटतो. मग तो तापवला की पाऱ्याची वाफ होऊन उडून जाते आणि चांदी मागे उरते. हा पारा स्पेनमधील आल्मादेन येथून येई. 'आल्मादेन' हे नावही अरबीच. 'अल्-मअदिन' म्हणजे खाण. पण पाऱ्याची वाफ विषारी असते. ती माणसाचे हातपाय थरथरायला लावते, दात पाडते, आयुष्य कमी करते.

"आणि ही चांदी जायची कुठे?" मुलीने विचारले.

खेचरांच्या तांड्यांवरून ती राजधानीला जाई. तेथे तिची नाणी पाडत. काही नाणी पूर्वेच्या बंदरातून स्पेनला जात, तर काही पश्चिमेच्या आकापुल्को बंदरातून जहाजाने थेट फिलिपीन्समधील मनिला येथे. अमेरिका खंडातील खाणींची ही नाणी व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत हिंदुस्थानातही आली. येथील सुती कापड आणि मसाले घ्यायचे, तर व्यापाऱ्यांना चांदी मोजावी लागे. सुरतेच्या मुघल टांकसाळीत ही परदेशी नाणी वितळवून त्यांचे रुपये पाडत. आपला 'रुपया' हा शब्दही रुप्यावरून, म्हणजे चांदीवरूनच आला आहे.

मुलगी म्हणाली, "म्हणजे चांदी सगळीकडे पोहोचली. फक्त ज्यांनी ती वर आणली, त्यांच्याकडे राहिली नाही."

मित्र म्हणाला, "बेटा, काल तू विचारलेस ना, राग का आला होता? हेच त्याचे उत्तर."

परतीच्या बसला अजून वेळ होता. नाट्यगृहाच्या मागून एक छोटी गाडी रुळांवरून तिरपी टेकडीवर चढते. तिच्यात बसून आम्ही वर गेलो. तेथे पीपिलाचा भव्य पुतळा आहे. एका हातात मशाल उंच धरलेला तो कामगार साऱ्या गावाकडे पाहत उभा आहे. १९३९ साली हा पुतळा उभारण्यात आला. पीपिला कोण होता, त्याने नेमके काय केले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण गावाने त्याला आपला मानले आहे.

खाली सारे गाव उन्हात चमकत होते. चर्चचे घुमट, विद्यापीठाची पांढरी इमारत, रंगीत घरांच्या रांगा. आम्ही शेंगदाणे खात कठड्यावर बसलो.

मित्र पुतळ्याकडे पाहत हळूच म्हणाला, "माझे अब्बा मुंबईच्या गोदीत हमाल होते. दिवसभर पोती वाहायचे. रात्री मी त्यांच्या पाठीला तेल चोळायचो. त्या पाठीवर घट्टे पडले होते. तेल चोळता चोळता ते मला म्हणायचे, 'तू शीक. माझी पाठ मजबूत आहे.'"

आम्ही दोघे शाळेत एका बाकावर बसत होतो. तरी ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मुलीनेही ती कधी ऐकली नव्हती. ती म्हणाली, "अब्बा, हे तुम्ही मला कधीच सांगितले नाही."

"तू विचारले नाहीस," तो म्हणाला आणि हसला. पण त्याचे डोळे पाणावले होते.

ती त्याला बिलगून बसली. "आता विचारते. सगळे सांगा. दादाजान कुठे राहायचे? काय खायचे? त्यांना किती पैसे मिळायचे?"

तो सांगत राहिला आणि ती ऐकत राहिली. मीही ऐकत राहिलो.

१९८८ साली ग्वानाहुआतो गाव आणि त्याच्या भोवतालच्या खाणी यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. केवळ सुंदर इमारतींचा नव्हे, तर खाणींचाही. हे मला फार योग्य वाटते. खाणमालक सरदार झाले. त्यांची नावे पुस्तकांत आहेत. हजारो तेनातेरोंची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. तरी या गावाच्या माथ्यावर जो पुतळा उभा आहे, तो राजाचा नाही, सरदाराचा नाही, खाणमालकाचाही नाही. तो पाठीवर दगड वाहणाऱ्या एका मजुराचा आहे.

जुन्या गावांत हिंडण्यासारखे सुख नाही. निवांत हिंडावे, खावे, गाणी ऐकावीत. इमारती डोळे भरून पाहाव्यात. मात्र तिथल्या एखाद्या दगडावर हात ठेवून एवढे जरूर विचारावे : हा कोणी वाहून आणला? आणि हाच प्रश्न आपल्या घरातही एकदा विचारून पाहावा.

शब्दार्थ

अमाप – मोजता येणार नाही इतके
राजवट – राज्यकारभार, सत्ता
पात्र (नदीचे) – नदी जिथून वाहते ती जागा
सज्जा – घराच्या भिंतीबाहेर काढलेली छोटी गच्ची
कोठार – धान्य साठवण्याची मोठी जागा
सराई – प्रवाशांची उतरण्याची जागा
गोफण – दगड दूर भिरकावण्याचे दोरीचे साधन
लोंढा – एकदम पुढे येणारा मोठा जमाव
मुलामा – धातूचा पातळ थर
टांकसाळ – नाणी पाडण्याची जागा
खेचर – घोडा व गाढव यांच्यापासून झालेले ओझे वाहणारे जनावर
गोदी – बंदरात जहाजे उभी राहण्याची व माल चढवण्या-उतरवण्याची जागा
घट्टा – सतत घासल्यामुळे कातडीवर पडलेला कठीण डाग

वाक्प्रचार

दाणादाण उडणे – फार गोंधळ व नुकसान होणे
कान देऊन ऐकणे – लक्षपूर्वक ऐकणे
डोळे दिपणे – तेज किंवा वैभव पाहून थक्क होणे
भान न राहणे – शुद्ध, विचार न राहणे
डोळे पाणावणे – डोळ्यांत अश्रू येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'ग्वानाहुआतो' या नावाचा अर्थ काय सांगतात?
(आ) लेओन हे शहर कशासाठी प्रसिद्ध आहे?
(इ) आलोंदिगा ही इमारत कशासाठी बांधली गेली?
(ई) तेनातेरो कोणाला म्हणत?
(उ) मित्राचे वडील कोणते काम करत?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गावातील जमिनीखालचा रस्ता कसा तयार झाला?
(आ) दगडाच्या भुकटीतून चांदी कशी वेगळी करत?
(इ) अरबी शब्द मेक्सिकोपर्यंत कसे पोहोचले?
(ई) पीपिलाने कोठाराचे दार कसे पेटवले?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खाणीत व खाणीबाहेर काम करणाऱ्या मजुरांच्या कष्टांचे वर्णन करा.
(आ) गावाच्या माथ्यावर मजुराचा पुतळा आहे, याचे लेखकाला महत्त्व का वाटते? तुमचे मत लिहा.

प्र. ४. कोण कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "काका, तिथे यादी चालत नाही."
(आ) "अरे, ही तर आपलीच मंडई!"
(इ) "तू शीक. माझी पाठ मजबूत आहे."
(ई) "अब्बा, हे तुम्ही मला कधीच सांगितले नाही."

प्र. ५. जोड्या लावा.
'अ' गट : (१) १७८८ (२) १८०३ (३) १८१० (४) १९०५ (५) १९३९
'ब' गट : (क) मोठा पूर (ख) पीपिलाचा पुतळा (ग) इदाल्गोचा उठाव (घ) वालेन्सियानाचे चर्च (च) हुम्बोल्टची भेट

प्र. ६. रिकाम्या जागा भरा.
(अ) एक गल्ली एके ठिकाणी अवघी ............ सेंटीमीटर रुंद आहे.
(आ) 'रुपया' हा शब्द ............ वरून आला आहे.
(इ) मेक्सिकोचा राष्ट्रीय दिन ............ रोजी असतो.

प्र. ७. भाषाभ्यास
(अ) अनेकवचन लिहा : गल्ली, पायरी, खाण, पुतळा, पोते, भाकरी.
(आ) विरुद्धार्थी शब्द लिहा : सुखद, अरुंद, खोल, श्रीमंत, स्वतंत्र.
(इ) वर दिलेल्या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
(ई) खालील वाक्य भविष्यकाळात लिहा : आम्ही तिघे बसने निघालो.

उपक्रम
(१) मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे वीस शब्द शोधा. त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का, ते पाहा.
(२) तुमच्या आजी-आजोबांना किंवा घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या कामाविषयी पाच प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.